उघाडीतले दाभोळ

दाभोळच्या उपलब्ध जुन्या चित्रांपैकी एक पोर्तुगीज दर्यावर्दी दों जुआंव द काश्त्रु याच्या वहीत आहे. हा गृहस्थ पुढे गोव्याचा राज्यकर्ता झाला. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवकडे जाणाऱ्या आरमाराबरोबर असताना त्याने वाटेतल्या बंदरांची टिपणे केली. अक्षांश, पाण्याची खोली, खडक आणि वारे यांच्या नोंदींबरोबर त्याने बंदरांचे चित्रफलकही दिले. ही वही छापली गेली ती थेट १८४३ साली. त्या फलकांत दाभोळ आहे. वाशिष्ठीचे मुख, दोन्ही तीरांवरचे डोंगर आणि नांगरलेली गलबते असे सारे जणू उंचावरून पाहिल्यासारखे मांडलेले आहे.

या चित्राचा ऋतू कोणता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आरमार नोव्हेंबरात निघाले होते, म्हणजे हे उघाडीतले दाभोळ आहे. दुसरे असणे शक्यही नव्हते. जेष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत या किनाऱ्यावरची बंदरे बंद असत. अल्मैदाने दाभोळ जाळले तेही डिसेंबर १५०८ मध्ये. व्यापारी असो, लुटारू असो वा चित्रकार, समुद्र सर्वांना एकाच ऋतूत येऊ देई.

पावसाळ्याची नोंद कोणी केलीच नाही, असे मात्र नाही. दाभोळहून जहाजात बसून मायदेशाकडे निघालेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन याने पंधराव्या शतकात जुन्नरचा पाऊस अनुभवला होता. चार महिने अहोरात्र पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले. गंमत अशी की तो या ऋतूला हिवाळा म्हणतो, आणि पुढे पोर्तुगीजही आपल्या पावसाळ्याला हिवाळाच म्हणत राहिले. ज्या ऋतूत माणूस घरात कोंडला जातो तो हिवाळा, असा युरोपी मनाचा हिशेब असावा. ऋतूला नाव मिळाले, तेही परके. चित्र मात्र मिळाले नाही.

छायाचित्रणाची कला आल्यावर हे बदलावयास हवे होते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. पण तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन चढवायचे आणि ते वाळण्याच्या आत चित्र घेऊन तिथल्या तिथे धुवायचे. म्हणून काळोखा तंबू, बाटल्या आणि काचांची पेटी बरोबर न्यावी लागे. आषाढातल्या अंधुक उजेडात काच कितीतरी सेकंद उघडी ठेवावी लागली असती, आणि वाऱ्यात हलणाऱ्या माडांचा नुसता धूर उमटला असता. शिवाय पोहोचायचे कसे? मुंबईहून येणारी आगबोट पावसाळ्यात बंद, आणि घाटरस्त्यांवर चिखल. सरकारी पाहणीचे दौरेही थंडीतच निघत. त्यामुळे कोकणच्या डोंगरांची, मशिदींची, किल्ल्यांची जुनी छायाचित्रे पाहताना स्वच्छ आकाश, लांब सावल्या आणि वाळलेले गवत पुन्हा पुन्हा भेटते. पुढे हातात मावणारा कॅमेरा आला, तरी सवय फारशी मोडली नाही. कोकणातल्या घरांतले जुने अल्बम चाळावेत. भाद्रपदात चाकरमानी घरी येई, पण कॅमेरा मखरापुढेच थांबे. इरले पांघरून लावणी करणारी बाई त्या अल्बमांत क्वचितच सापडते.

ही उणीव साहित्याने भरून काढली. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. वर्षाचा प्रत्येक महिना तितक्याच आस्थेने पाहण्याचा असा प्रयत्न त्या काळच्या कॅमेऱ्याने क्वचितच केला असेल. श्री. ना. पेंडसे तर याच दापोली तालुक्यातले, मुर्डीचे. त्यांच्या ‘तुंबाडचे खोत’मधली जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळपाशी समुद्रात जाते. मराठी वाचकाच्या मनातला कोकणचा पाऊस हा बव्हंशी वाचलेला पाऊस आहे, असे मला वाटते.

हा केवळ रसिकांचा प्रश्न असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण चित्र साक्ष देते, आणि एका ऋतूची साक्ष बारमाही धरली गेली की घोटाळा होतो. दाभोळच्या खाडीवरचे सडे पाहा. वैशाखात हा जांभा करपलेला, काळपट, अंगावर येणारा असतो. महसुली दप्तरात पिकाखाली न येणाऱ्या अशा तुकड्यांना ‘पोटखराब’ हा शब्द आहे, आणि उन्हाळ्यातला फोटो जोडला की त्या शब्दावर शिक्कामोर्तब होते. अलीकडच्या साक्षीदाराचीही तीच गत आहे. उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्याचे जून ते सप्टेंबरातले स्वच्छ चित्र मिळणे म्हणूनच दुर्मीळ. देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली निघाला, त्याचा आधार उपग्रहचित्रे हाच होता. खडकाळ, नापीक भूभागाचा एक वर्ग त्यात आहे. काश्त्रुचे जहाज, ओली काच आणि उपग्रह या तिघांनीही पाऊस टाळला!

आणि पावसात याच सड्यांवर काय घडते? पहिल्या सरींनंतर पांढरी दिपकाडी फुलते. ही जात कोकणाबाहेर आढळत नाही. मग डबक्यांकाठी सीतेची आसवे आणि गेंद येतात. खोलगट जागी माती धरलेली असते, तिथे भात किंवा नाचणी होते, गुरे चरतात, आणि कातळात मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरते. चार महिन्यांचे हे आयुष्य डिसेंबरच्या फोटोत कोठून येणार?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती टिपायला कोरडा ऋतू आणि तिरपे ऊनच लागते; श्रावणात ती गवताखाली किंवा पाण्याखाली असतात. सध्या तर पारडे फिरले आहे. पावसाळी सहलींना येणारे प्रवासी फोनमध्ये फक्त हिरवे कोकण भरून नेतात. भाजावळीने काळे पडलेले तुकडे, टँकरची वाट पाहणारे हंडे आणि पिवळे गवत आता चित्रातून हद्दपार झाले आहे. ही जुन्याच चुकीची हिरवी आवृत्ती म्हणावी लागेल. दाभोळच्या बाबतीत एक विनोद वेगळाच. १९९० च्या दशकात जगभर ज्या ‘दाभोळ’ प्रकल्पाची छायाचित्रे छापून आली, तो दाभोळात नाहीच. तो खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या बाजूस आहे.

वर्षभर एकाच जागेवरून फोटो घ्यावा, म्हणून मी दाभोळचा धक्का निवडला होता. फेरीबोट सुटते तिथून समोरचा डोंगर नीट दिसतो. कार्तिकात तो पिवळट हिरवा, पौषात तांबूस, फाल्गुनात मधूनमधून काळा, वैशाखात पांढुरक्या धुरकट उन्हात विरलेला. जेष्ठाच्या अखेरीस एका आठवड्यात त्याचा रंग इतका पालटला की दोन फोटो एकाच ठिकाणचे आहेत, हे मलाच पटेना. आषाढातल्या फोटोत डोंगर नाही. अर्ध्या चौकटीत गढूळ पाणी, अर्ध्या चौकटीत पाऊस, आणि डाव्या कोपऱ्यात छत्री सावरत बोटीची वाट पाहणारा एक माणूस. हा फोटो फसला, असे पाहणाऱ्या प्रत्येकाने सांगितले. मी तो बाराजणांत ठेवला आहे.