शेवटाचा तंटा

कथेच्या आरंभावरून दोन रसिकांचे भांडण झाल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही. आरंभ आवडला नाही, तर माणूस पुस्तक मिटतो किंवा उठून जातो. तंटा माजतो तो शेवटावरून, आणि तोही जे शेवटपर्यंत टिकून राहिले, ज्यांनी आपल्या कित्येक रात्री त्या कथेच्या स्वाधीन केल्या, त्यांच्यांतच माजतो. विज्ञानकल्पनेवर रचलेल्या परदेशी चित्रमालिका आता आमच्या नागपुरातही घरोघर पाहिल्या जातात. आणि एखाद्या मालिकेचे पर्व संपले, की दुसऱ्या दिवशी मित्रमंडळींत दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, सारे मातीस मिळवले. दुसरा म्हणतो, याहून उचित शेवट होणे नाही. वडीलधाऱ्यांस हा पोरखेळ वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. हा तंटा फार जुना आहे, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास थेट विदर्भाच्या मातीपर्यंत जावे लागते.

रामटेकची टेकडी आमच्या शहराहून फार दूर नाही. ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, हे मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्या काव्याच्या अखेरीस यक्ष मेघास निरोप सांगतो, त्याचे शुभ चिंतितो, आणि काव्य संपते. निरोप पोहोचला काय? यक्ष घरी परतला काय? कालिदास त्याविषयी एक अक्षर बोलत नाही. हे मौन कित्येक वाचकांस सोसवले नाही. काव्याच्या काही हस्तलिखित प्रतींत शेवटी जादा श्लोक आढळतात; त्यांत कुबेरास दया येते, शाप सरतो आणि पतिपत्नींची भेट होते. हे श्लोक प्रक्षिप्त मानले जातात व ते योग्यच आहे. परंतु ज्या कोणा अनाम माणसाने ते रचले, त्याच्याविषयी आम्हांस थोडी सहानुभूती वाटते. शेवट न पटल्यामुळे हाती लेखणी घेणारा तो फार जुना वाचक होय.

भवभूतीची गोष्ट याहून मोठी. हा आठव्या शतकातला नाटककार विदर्भातील पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे, हल्लीच्या गोंदिया जिल्ह्यातले गाव, असे मिराशींनीच दाखवून दिले. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. ‘उत्तररामचरिता’त भवभूतीने हा शेवट बदलला, आणि बदलला तो मोठ्या विलक्षण रीतीने. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर वाल्मीकींनी रचलेले एक नाटक अप्सरा करून दाखवितात. प्रेक्षक कोण, तर स्वतः राम आणि अयोध्येचे पौरजन. त्यागानंतर सीतेचे काय झाले, हे राम तेथे प्रेक्षक होऊन पाहतो आणि मूर्च्छित पडतो. मग अरुंधती खऱ्या सीतेस घेऊन येते व पौरजनांस विचारते की, हिचा स्वीकार तुम्हांस मान्य आहे ना? लोक सीतेस वंदन करतात, तेव्हाच नाटक सुखान्त होते. ज्या लोकांच्या बोलण्यामुळे सीता वनात गेली, त्याच लोकांस प्रेक्षक म्हणून बसवून कवीने शेवटाची संमती त्यांच्याकडून घेतली. प्रेक्षकांच्या मतभेदावर इतका चतुर इलाज त्यानंतर कोणी केल्याचे आम्हांस माहीत नाही.

तथापि पुराणकथेचा तंटा आणि विज्ञानकथेचा तंटा यांत एक भेद आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यास पुढील सर्व विवेचन फुकट जाईल. सीतेचे काय होणार, हे पाहणारास अगोदरच ठाऊक असते. शेवट न्याय्य आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. विज्ञानकथेचा शेवट कोणासच ठाऊक नसतो. शिवाय ती कथा पहिल्याच पानावर एक वचन देऊन बसते: येथे जे अद्भुत दिसेल त्यास कारण आहे, आणि ते कारण मनुष्याच्या बुद्धीस आकळणारे आहे. भुताची गोष्ट सांगणाऱ्यावर असे ऋण नसते. आता ही कथा एका बैठकीत न सांगता महिनोन् महिने तुकड्यातुकड्यांनी सांगितली, म्हणजे ऋणावर व्याज चढू लागते. कारण मधल्या दिवसांत प्रत्येक वाचक आपापला शेवट मनात रचीत असतो. लेखकाचा शेवट अखेर प्रसिद्ध होतो, तेव्हा त्यास या हजारो शेवटांशी झुंजावे लागते.

या व्याजाचा पहिला मोठा कर्जदार ज्यूल व्हर्न. १८६५ साली त्याने तीन माणसे तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडली आणि गोळा चंद्राभोवती फिरत राहिला आहे, अशा ठिकाणी पुस्तक संपविले! पुढचा भाग १८६९ साली येऊ लागेपर्यंत चार वर्षे ती माणसे आकाशात अधांतरी होती. व्हर्नचा चंद्रप्रवास मराठी वाचकांच्या हाती विसाव्या शतकाच्या आरंभी आला, तोही मासिकातूनच. कोचीहून निघणाऱ्या ‘केरळकोकिळा’ने तो क्रमशः छापला. मराठीतील विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुधा येथूनच प्रारंभ करतात.

व्हर्नच्या कथांचे शेवट नेहमी त्याच्या मनाप्रमाणे झाले नाहीत. त्याचा प्रकाशक एत्झेल हा मोठा सावध गृहस्थ होता. १८७७ साली त्याच्या मासिकात एका धूमकेतूची कथा क्रमशः येत होती. तिचे भाषांतर भा. रा. भागवतांनी ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ या नावाने मराठीत केले आहे. धूमकेतू पृथ्वीचा एक लचका तोडून नेतो आणि त्यावरची माणसे दोन वर्षे सूर्यमालेत भटकतात. परत येताना धूमकेतू पृथ्वीवर आदळून सारे मरावे, असे व्हर्नच्या मनात होते. नायकाचे सेर्वादाक हे नाव रोमन अक्षरांत उलटे लिहिले असता ‘प्रेते’ या अर्थाचा फ्रेंच शब्द होतो, तो याच हेतूने योजला असावा, असे अभ्यासक म्हणतात. मासिकाचे वाचक बहुतेक मुले. एत्झेलने हे चालू दिले नाही. मग शेवटच्या घटकेस माणसे फुग्यात बसतात, सुखरूप उतरतात, आणि पृथ्वीवर कोणास टक्कर झाल्याचे कळलेलेही नसते! हा शेवट लंगडा आहे, हे आम्ही स्पष्टच म्हणतो. नाव एक सांगते आणि कथा दुसरेच.

पण शेवट लांबणीवर पडल्याने एकदा आमचा फायदाही झाला. समुद्राच्या पोटात हिंडणारा कॅप्टन नेमो १८७० साली भोवऱ्यात नाहीसा झाला. तो कोण, कोठला, कोणावर सूड घेत होता, हे काहीच कळले नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाने चिरडलेला पोलिश सरदार होता. रशियात पुस्तकांचा खप होत असल्याने एत्झेलने तेही अडविले. उत्तर मिळाले १८७४–७५ साली, ‘रहस्यमय बेट’ या दुसऱ्याच कादंबरीत: नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, इंग्रजांनी ज्याचे घरदार नष्ट केले असा! दोन्ही पुस्तकांतील वर्षांचा मेळ बसत नाही. चिकित्सक वाचकांनी ती चूक हेरलीच. तरी नागपूरच्या वाचकास येथे चूक काढण्याचा उत्साह राहत नाही. झाशी व नागपूर ही दोन्ही राज्ये १८५४ साली डलहौसीने खालसा केली. बुंदेलखंडचा तो कल्पित राजपुत्र आमच्या शेजारचाच म्हणावा लागेल. बेटावर घडलेल्या साऱ्या अद्भुत गोष्टींचा उलगडा तो मरण्यापूर्वी करून जातो. ऋण व्याजासकट फिटते.

दूरचित्रवाणी आल्यावर वाट पाहणाऱ्यांची संख्या शतपटीने वाढली आणि ते एकाच रात्री, एकाच घटकेस पाहू लागले. इंग्लंडात १९६७ साली ‘द प्रिझनर’ नावाची सतरा भागांची मालिका सुरू झाली. राजीनामा दिलेला एक हेर एका सुंदर खेड्यात बंदिवान होतो. तेथे माणसांस नावे नाहीत, केवळ क्रमांक. हा क्रमांक सहा. आपल्यास डांबणारा क्रमांक एक कोण, हा त्याचा प्रश्न, आणि पाहणारांचाही. प्रमुख नट पॅट्रिक मॅकगूहन यानेच शेवटचा भाग लिहिला व दिग्दर्शित केला. फेब्रुवारी १९६८ मध्ये तो लोकांनी पाहिला. क्रमांक एकच्या तोंडावरचा मुखवटा निघतो, आत माकडाचा मुखवटा. तोही निघतो, आणि आत नायकाचाच चेहरा! कोणा दुष्टास पकडल्याचे समाधान शोधणारांचा संताप अनावर झाला. काही दिवस आपणांस लपून राहावे लागले, असे मॅकगूहनने पुढे सांगितले. गंमत अशी की, १९७७ साली याच मालिकेच्या चाहत्यांची संस्था स्थापन झाली. ज्या शेवटाने लोक चिडले, तोच पुढे मालिकेचे भूषण ठरला. शेवट तोच राहिला, पाहणारे बदलले. अशा वेळी पहिल्या रात्रीचे मत कितपत खरे मानावे?

यास उलट उत्तर ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेने दिले. २००४ साली एका निर्जन बेटावर विमान कोसळले आणि सहा वर्षे लोक कोडी गोळा करीत राहिले. उष्ण बेटावर ध्रुवीय अस्वल कसे? ठरावीक सहा आकडे पुनःपुन्हा का दिसतात? बेट म्हणजे काय? २३ मे २०१० रोजी शेवटचा भाग आला. त्याने बहुतेक कोड्यांस हात न लावता माणसांस एकमेकांचा निरोप घेऊ दिला. शेवटच्या पर्वात समांतर दिसणारे जग हे मरणोत्तर भेटीचे ठिकाण ठरले. कित्येकांनी त्याचा अर्थ ही माणसे पहिल्यापासूनच मेलेली होती, असा केला. भाग संपल्यावर वाहिनीने विमानाच्या अवशेषांची दृश्ये दाखविली, त्यामुळे हा गैरसमज वाढलाच. अर्धे लोक रडले, अर्धे रागावले. बेटाची कल्पना, अदृश्य साहाय्यकर्ता, अडकलेली माणसे, हे सारे व्हर्नच्या बेटाची आठवण करून देते. परंतु व्हर्नने पेटी उघडून दाखविली आणि येथे पेटी बंदच राहिली.

आमचा कौल कोणाकडे, असे कोणी विचारील. पाहणारांत मुळात दोन जाती आहेत: एक ‘हे का झाले’ असे विचारणारी, दुसरी ‘यांचे पुढे काय झाले’ असे विचारणारी. पहिलीस शुष्क आणि दुसरीस भाबडी म्हणण्याची चाल आहे, ती आम्हांस मान्य नाही. तरी विज्ञानकथेच्या बाबतीत पहिलीचा दावा आम्हांस अधिक सबळ वाटतो, कारण वचन तिलाच दिलेले असते. मॅकगूहनने उत्तर दिले. ते कडू होते एवढेच. ‘लॉस्ट’च्या कर्त्यांनी प्रश्न विचारण्याचे श्रेय घेतले आणि उत्तराच्या वेळी अश्रू पुढे केले. ते अश्रू खोटे नव्हते. पण बाजारात उधारी राहिली असता सावकारास मिठी मारून ती फिटत नाही.

हे सारे रिकामटेकड्यांचे चोचले आहेत, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी १९८८ साल आठवावे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दाखविले जात होते. त्या वेळी देशातले रस्ते ओस पडत, नागपूरचेही. ३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेकानंतर मालिका संपली. म्हणजे उत्तरकांड गळाले. आणि उत्तरकांड गळाले म्हणजे सीतेस आश्रय देणारे, लवकुशांस वाढविणारे वाल्मीकी गळाले. ज्या सफाई कामगारांचा समाज स्वतःस वाल्मीकींचा म्हणवितो, त्यांनी पंजाबात जालंधरापासून संप पुकारला. तो उत्तरेतील इतर शहरांत पसरला, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. आमचा कवी कथेतून वगळू नका, एवढीच मागणी. पुढे ‘उत्तर रामायण’ दाखविले गेले. ज्यांस एरवी कोणी विचारीत नाही त्यांनी शेवटावर हक्क सांगितला आणि तो मिळविला. पौरजनांची संमती घेणाऱ्या भवभूतीस हे ऐकून नवल वाटले नसते.

मराठी विज्ञानकथेत असा तंटा आम्हांस दिसत नाही, याचे मात्र आम्हांस थोडे वाईट वाटते. आमच्याकडे ही कथा वाढली ती लघुकथा म्हणून, स्पर्धांतून व दिवाळी अंकांतून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस डॉ. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कथेस पहिले पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाचे कौतुक केले. २०२५ साली नारळीकर निवर्तले. पण पानिपतचा निकाल उलटा लागलेल्या जगात फिरून येणारे त्यांचे गंगाधरपंत आजही वाचले जातात. त्या कथेतही शेवटी सर्व प्रकाराचा शास्त्रीय उलगडा केलेला आहे. कोडे आणि उत्तर एकाच बैठकीत हाती येते. वाचकास स्वतःचा शेवट रचण्यास एका रात्रीचीही सवड मिळत नाही, मग तो भांडणार कशावरून? नारळीकरांच्या एका कादंबरीचे तर नावच ‘वामन परत न आला’ असे आहे. शेवट मुखपृष्ठावरच छापलेला!