ई-क्लास : वऱ्हाडातील गवताची आणि काळ्या मातीची कहाणी (थ्रेड)

१/ नांदगाव खंडेश्वर तालुका आज कपाशी, सोयाबीन आणि तुरीसाठी ओळखला जातो. पण येथे 'ई-क्लास' म्हटले की गुरचरणाची सरकारी जमीन, हे गावातल्या कोणालाही समजते. महसुली दप्तरातील या एका अक्षरामागे वऱ्हाडच्या गवताचा इतिहास दडला आहे.

२/ १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. भाव आणि वाहतूक दोन्ही अनुकूल होताच गवताळ पडीत जमीन नांगराखाली गेली.

३/ गवत मात्र राज्यकर्त्यांनाही हवे होते. वनखात्याने काही रान लाकडासाठी, काही चाऱ्यासाठी, तर काही चराईसाठी राखले. चाऱ्याच्या राखीव रानाला 'रमणा' म्हणत. तरीही १८९९-१९०० च्या दुष्काळात चाऱ्यावाचून असंख्य गुरे दगावली.

४/ या व्यवहारात एक हानी कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही. गवत हवेतील कार्बन मुळांवाटे जमिनीत नेते. मुळे कुजून त्याचा काही भाग मातीत टिकतो. नांगरट झाली की मातीत हवा खेळते, सूक्ष्मजीव तो कार्बन खातात आणि तो वायुरूपाने परत जातो.

५/ न नांगरलेले गायरानही आपोआप सुरक्षित राहत नाही. पाते फुटताच पुन्हा खुडले गेले, तर मुळांना अन्न मिळत नाही. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ च्या ग्रंथात भारतातील गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण केले. अतिचराईने पवन्या-मारवेलसारखी सकस गवते हटून कुसळी माजते, हा क्रम गवताच्या अभ्यासकांना परिचित आहे.

६/ उपाय जुन्या कुरणांच्या रीतीतच आहे : रानाचे भाग पाडणे, एक चरत असताना दुसऱ्याला विसावा देणे, बी झडल्यावर गवत कापून गंजी रचणे. कायमची चराईबंदी हा मार्ग नव्हे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्या शेळीला दुसरे रान कोठे?

७/ २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरानांबाबत निर्णय काढला.

८/ मातीत साठलेला कार्बन अक्षय ठेव नाही. वर्षानुवर्षे मुरलेला साठा काही नांगरटींत उडून जातो. म्हणून ई-क्लासचा प्रश्न केवळ जागेचा नाही. ते गवत राखले, तर गुरांची वैरण आणि काळ्या मातीचा कस दोन्ही राहतील.