प्रशांत दामले: १२,५०० प्रयोगांनंतरही रंगमंचावर

मराठी रंगभूमीवर सर्वाधिक प्रयोग कुणाचे, असं विचारलं की प्रशांत दामले हे नाव आधी येतं. एकेकाळी ते बेस्टमध्ये नोकरीला होते. 'टूरटूर', 'मोरूची मावशी', 'गेला माधव कुणीकडे' करत करत ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. नाटक होतं 'एका लग्नाची पुढची गोष्ट', सोबत कविता मेढेकर. पुढच्याच वर्षी ते नाट्य परिषदेच्या अध्यक्षपदी निवडून आले.

त्यानंतरचं 'शिकायला गेलो एक!' हे नाटक गावाकडच्या माणसाला जास्त जवळचं वाटेल. अकलूजला जन्मलेले द. मा. मिरासदार यांच्या 'व्यंकूची शिकवणी' या कथेवर ते बेतलंय. दिग्दर्शन अद्वैत दादरकर यांचं. दामले मास्तर झालेत, तर वांड व्यंकू हृषिकेश शेलार. मास्तर शिकवतो की व्यंकूच मास्तरला शिकवतो, तीच सगळी गंमत.

अडचण एकच. सेट, लाइट, साउंड नीट बसेल असं नाट्यगृह तालुक्याला सहसा नसतं. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचे प्रयोग मोबाईलवर बघत राहावेत. रात्रीचं नाटक सुटेस्तोवर शेवटची एसटी निघून जाते, म्हणून जमल्यास दुपारचाच प्रयोग धरावा.