लिव्हरपूलचा अडत्या

औद्योगिक क्रांतीचा धडा म्हटला की फळ्यावर यंत्रांची नावं आणि सनावळ्या येणार, हे ठरलेलंच. 1769 साल आलं की दोन गोष्टी पाठ करायच्या. जेम्स वॉटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट आणि आर्कराइटचं सूत कातण्याच्या यंत्राचं पेटंट. पण कारखान्यातून निघणारा एवढा माल विकला कोणी, त्यासाठी कोणाला घरदार हलवावं लागलं, याला धड्यात जागा नसते. म्हणून आज त्याच 1769 सालातल्या एका अडत्याविषयी लिहितो. त्याचं नाव थॉमस बेंटली.

बेंटलीचा जन्म 1731 चा, डर्बीशायरमधल्या एका खेड्यातला. मँचेस्टरला उमेदवारी करून तो लिव्हरपूलला आला आणि तिथे त्याने व्यापाराची पेढी काढली. पुढे जेम्स बोर्डमन नावाचा भागीदार घेतला. बेंटली नुसता माल उचलून पाठवणारा माणूस नव्हता. त्याला फ्रेंच आणि इटालियन येत होतं, प्राचीन ग्रीक-रोमन कलेची उत्तम जाण होती. वॉरिंग्टनची अकादमी उभी राहिली त्यात त्याचा हात होता आणि लिव्हरपूलमधल्या ऑक्टॅगन चॅपलच्या स्थापनेतही. गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या त्या बंदरात राहून त्या व्यापाराला विरोध करणाऱ्या मोजक्या लोकांत तो होता. थोडक्यात, गावात मान होता, मित्रांचा गोतावळा होता, धंदा बसलेला होता.

1762 मध्ये स्टॅफर्डशायरमधला एक कुंभार घोड्यावरून लिव्हरपूलला निघाला होता. लहानपणी देवी आल्यापासून त्याचा गुडघा अधू होता. वाटेत त्यालाच मार बसला आणि लिव्हरपूलच्या खाणावळीत कित्येक दिवस पडून राहायची वेळ आली. उपचार करणाऱ्या डॉक्टर टर्नरनी रुग्णाला करमणूक म्हणून आपल्या एका मित्राला भेटीला आणलं. कुंभार म्हणजे जोसाया वेजवूड आणि मित्र म्हणजे बेंटली. एक फारसं शाळेत न गेलेला, हाताने माती जाणणारा. दुसरा बहुश्रुत, बाजार जाणणारा. दोघांचं असं जमलं की घरी परतल्यावर वेजवूडने पत्रं लिहायला सुरुवात केली, ती पुढे अठरा वर्षं थांबली नाहीत.

आधी नातं साध्या अडतीचं होतं. वेजवूडचा माल लिव्हरपूलला यायचा आणि बेंटली तो अमेरिकेकडे, वेस्ट इंडीजकडे पाठवायचा. ट्रेंट आणि मर्सी या नद्या कालव्याने जोडाव्यात अशी वेजवूडची धडपड चालली होती. खडबडीत रस्त्याने खेचरांवरून चिनीमाती आणायची आणि तयार बश्या त्याच रस्त्याने पाठवायच्या, यात किती माल फुटत असेल याची कल्पनाच करा! त्या कालव्याच्या बाजूने 1765 मध्ये पुस्तिका लिहिली ती बेंटलीने. 1766 मध्ये पार्लमेंटने कायदा मंजूर केला.

पुढे 1767 मध्ये वेजवूडने बर्स्लेमजवळ नव्या कारखान्यासाठी जमीन घेतली आणि तिला एट्रुरिया असं नाव दिलं. शोभेच्या वस्तू, फुलदाण्या बनवायच्या आणि त्यात बेंटलीने निम्म्याचा भागीदार व्हायचं, असा त्याचा प्रस्ताव होता. त्याच वर्षी लंडनमधले व्यवहार पाहणारा वेजवूडचा थोरला भाऊ जॉन थेम्स नदीत बुडून वारला. विश्वासाच्या माणसाची गरज आता दुप्पट झाली.

बेंटलीने चटकन हो म्हटलं नाही. भांडवलाची अडचण होती. या धंद्यातलं आपल्याला काय कळतं, हाही प्रश्न होता. सगळ्यात मोठी अडचण मात्र मित्रांची आणि गावाची. मला या सगळ्या इतिहासात आवडतं ते वेजवूडचं उत्तर. भांडवलाची व्यवस्था होईल, काम शिकता येईल, असं त्याने समजावलं. पण लिव्हरपूलमधल्या स्नेह्यांची, तिथल्या सुखांची त्याच जातीची भरपाई आपण करू शकणार नाही, हे त्याने पत्रात मोकळेपणाने कबूल केलं. माणसाला आपल्या धंद्यात ओढणारा किती जण असं लिहील?

शेवटी बेंटली तयार झाला. आम्हा नोकरदारांच्या भाषेत चार्ज देणं म्हणतात, ते त्याने सुरू केलं. पेढी बोर्डमनच्या हाती राहणार होती. वखारीतला माल मोजून देता येतो. येणं-देणं वहीत असतंच. कोणतं गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं आणि कोणाला दोनदा आठवण करावी लागते, हेही सांगता येतं. मुश्किल असते ती पतीची. बेंटलीच्या शब्दावर लिव्हरपूलमध्ये जी कामं होत, तो शब्द वहीत लिहून कोणाला देणार?

13 जून 1769 रोजी एट्रुरियाचा कारखाना सुरू झाला. पहिल्या दिवशी वेजवूडने स्वतः सहा फुलदाण्या घडवल्या आणि चाक फिरवलं बेंटलीने. वर्षभरापूर्वीच वेजवूडचा तो अधू पाय कापावा लागला होता, तोही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. 10 ऑगस्टला भागीदारीच्या करारावर सह्या झाल्या.

बेंटलीने शेजारी येऊन राहावं अशी वेजवूडची फार इच्छा. त्याच्यासाठी एट्रुरियात बँक हाउस नावाचं घरही बांधलं. पण बेंटलीचं बिऱ्हाड तिथे आलं नाही, ते लंडनला गेलं. गिऱ्हाईक तिथे होतं. उमरावांना काय आवडतंय, कोणती घडण जुनी झाली, कोणाच्या दिवाणखान्यात काय मांडलंय, हे दीडशे मैलांवरच्या भट्टीशेजारी बसून कळलं नसतं. चेल्सीला नक्षीकाम करणारे चित्रकार बसवले होते. त्यांच्यावर देखरेख, ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटवरच्या दुकानाची मांडणी आणि वसुली, हे सगळं बेंटलीकडे आलं.

आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते. इथे तर अक्षरशः मातीच विकायची होती! पण बेंटलीचं काम नुसतं बोलण्याचं नव्हतं. काय घडवावं हे तो लंडनहून कळवायचा आणि वेजवूड भट्टीतून त्याला उत्तर द्यायचा. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने मागवलेला जेवणाच्या भांड्यांचा प्रचंड संच हे याचं उत्तम उदाहरण. साडेनऊशेच्या आसपास नग आणि त्यांवर ब्रिटनमधली बाराशेहून अधिक दृश्यं हाताने रंगवलेली. त्याची यादी बेंटलीने तयार केली. 1774 मध्ये ग्रीक स्ट्रीटवरच्या नव्या दालनात हा संच मांडला तेव्हा राणी शार्लट स्वतः पाहायला आली.

सगळं गोड होतं असंही नाही. शोभेच्या वस्तूंत दोघांची भागीदारी, वापरायच्या भांड्यांत नाही. मग अमुक वस्तू शोभेची की वापराची, यावरून 1770 मध्ये कुरबूर झाली. वेजवूडने लांबलचक पत्र लिहून ती मिटवली. जवळ राहत असते तर हे पत्र लिहिलंच गेलं नसतं, आणि आपल्यालाही काही कळलं नसतं.

26 नोव्हेंबर 1780 रोजी बेंटली वारला. वय जेमतेम पन्नास. भागीदारीतला साठा 1781 मध्ये क्रिस्टीच्या लिलावात विकून हिशेब पुरा करण्यात आला. वेजवूड पुढे 1795 पर्यंत जगला. गुलामगिरीविरुद्धचं त्याचं प्रसिद्ध पदक 1787 चं. ते बेंटलीने पाहिलं नाही, पण त्या विषयावर वेजवूडशी आधी कोण बोललं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

एक गोष्ट मनाला लागून राहते. वेजवूडची बेंटलीला लिहिलेली पत्रं टिकली. बेंटलीची बहुतेक सगळी हरवली. त्यामुळे आज आपण त्याला ओळखतो ते दुसऱ्याने दिलेल्या उत्तरांवरून. त्याच्या शंका, आग्रह, लंडनच्या गप्पा, लिव्हरपूलची आठवण, सगळं समोरच्या माणसाच्या पत्रातून ताडून पाहायचं.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी असा असतो. भावाच्या शब्दाखातर बसलेलं बस्तान मोडून परगावी गेलेला काका, नवऱ्याच्या बदलीपायी आपली नोकरी सोडलेली मावशी. दुकानाच्या पाटीवर, शिलाफलकावर त्यांची नावं नसतात. त्यांची पत्रं मात्र अजून एखाद्या ट्रंकेत असतील. सापडली तर फेकू नका, एवढंच सांगायचं होतं.