अंडरवॉटर कन्स्ट्रक्शन टीम

अंडरवॉटर कन्स्ट्रक्शन टीम (संक्षेप: यूसीटी, अर्थ: जलांतर्गत बांधकाम पथक) हे अमेरिकेच्या नौदलातील पाण्याखाली बांधकाम, पाहणी, दुरुस्ती आणि पाडकाम करणारे पथक आहे. अशी दोन पथके असून पहिले व्हर्जिनिया राज्यातील व्हर्जिनिया बीच येथे, तर दुसरे कॅलिफोर्नियातील पोर्ट वायनीमी येथे आहे.

पार्श्वभूमी

ही पथके ‘सीबीज’ या नौदलाच्या बांधकाम दलाचा भाग आहेत. ‘कन्स्ट्रक्शन बटालियन’ या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मार्च १९४२ मध्ये, हे दल स्थापन झाले. पाण्याखालील कामासाठी स्वतंत्र पथके १९७० च्या दशकात उभी राहिली.

निवड आणि प्रशिक्षण

पथकातील सैनिक आधी कारागीर असतो, नंतर पाणबुड्या होतो. सीबीजमध्ये परंपरेने सात व्यवसाय आहेत: इमारत बांधकाम, वीजकाम, यंत्रदुरुस्ती, सर्वेक्षण व आरेखन, अवजड यंत्रचालन, पोलादकाम आणि पाणीपुरवठा-नळकाम. यांपैकी एका व्यवसायाचे शिक्षण घेतलेल्या उमेदवाराला वैद्यकीय तपासणी व शारीरिक चाचणी द्यावी लागते. चाचणीत ५०० यार्ड (सुमारे ४५७ मीटर) पोहणे आणि दीड मैल (सुमारे २.४ किमी) धावणे यांचा समावेश असतो.

पाणबुड्याचे प्रशिक्षण फ्लोरिडातील पनामा सिटी येथील नौदलाच्या केंद्रात होते. तेथे वायुनियम, शरीरावरील दाबाचे परिणाम, स्कुबा आणि पृष्ठभागावरून नळीने हवा घेऊन काम करण्याची पद्धत शिकवली जाते. जलांतर्गत कापकाम, वेल्डिंग, द्रवचालित अवजारे व स्फोटके यांचा वापरही पथकातील सैनिकाला शिकावा लागतो. गढूळ पाण्यात पुष्कळदा केवळ स्पर्शाने काम करावे लागते.

धोके

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. १० मीटरवरून श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून दुप्पट जागा मागते व फुप्फुसे फाटू शकतात. खोलवर अधिक काळ राहिल्यास रक्तात व ऊतींत नायट्रोजन विरघळतो. वेगाने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवू शकतो. म्हणून वर येण्याचा वेग व थांबे तक्त्यांनुसार ठरतात. बाधित व्यक्तीवर दाबकक्षात उपचार केले जातात.

कारकीर्द

पाणबुड्याची वाटचाल द्वितीय श्रेणी, प्रथम श्रेणी आणि सर्वोच्च ‘मास्टर डायव्हर’ अशी असते. अनुभवानुसार तो बुडी-पर्यवेक्षक होतो व पाण्याखालील सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेतो. नौदलात २००६ मध्ये पाणबुड्यांसाठी स्वतंत्र व्यवसायगट निर्माण झाला. यूसीटीचे पाणबुडे मात्र आपल्या मूळ बांधकाम व्यवसायातच राहिले. त्यामुळे बढतीसाठी त्यांना त्या व्यवसायाचे ज्ञानही अद्ययावत ठेवावे लागते. पथकांचे अधिकारी नौदलाच्या स्थापत्य अभियंता दलातून येतात.

कार्य

धक्क्यांचे खांब तपासणे व दुरुस्त करणे, जहाजांसाठी नांगरबंध बसवणे, समुद्रतळावर केबल टाकणे आणि जलमार्गातील अडथळे स्फोटकांनी दूर करणे ही पथकांची प्रमुख कामे आहेत. ध्रुवीय प्रदेशात बर्फाखालीही ती काम करतात.