घरात शिकवलेली लॅटिन

श्रोतेहो, मुलाला परकी भाषा घरीच शिकवावी, हा विचार काही आजकालचा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये क्विंटिलियन नावाचा नामांकित शिक्षक होऊन गेला. रोमन मुलाने आरंभ ग्रीकपासून करावा, असे त्याचे मत. लॅटिन काय, ती चहूकडून कानांवर पडणारच! मुलाला खेळायला हस्तिदंती अक्षरे द्यावीत, फळीवर अक्षरे कोरून त्या खाचांतून लेखणी फिरवू द्यावी, असे त्याने लिहून ठेवले आहे. हस्तिदंत आपण सोडून देऊ. चिंचोके मांडून ‘ग’ काढला तरी काम तेच. आपली जुनी धुळपाटी तर त्या फळीहूनही स्वस्त.

पण साधने आली म्हणजे भाषा आली, असे होते का? याचा मोठा बोलका दाखला फ्रान्समध्ये सापडतो. बोर्दो शहराच्या पूर्वेस एका गढीत १५३३ साली मिशेल द मॉन्टेन जन्मला. पुढे हा थोर निबंधकार झाला. त्याच्या बापाने काय करावे? पोराला बोलता येण्यापूर्वीच एक जर्मन पंडित घरी आणून ठेवला. त्याला लॅटिन उत्तम येई, फ्रेंच मुळीच येत नसे. शिवाय घरात सक्त नियम केला, की आईबापांनी, गड्याने, मोलकरणीने, कोणीही पोराशी बोलायचे ते लॅटिनमध्येच, मग ती मोडकीतोडकी का असेना. आसपासच्या खेड्यांतसुद्धा अवजारांची काही लॅटिन नावे रुळली. सहा वर्षांचा होईपर्यंत मिशेलला फ्रेंच कळत नव्हते. लॅटिन मात्र तो, पुस्तक नाही की छडी नाही, सहज बोले.

आता गंमत पाहा. याच बापाने ग्रीकसाठी निराळी युक्ती काढली. पटावरच्या सोंगट्यांच्या खेळासारखी विभक्तिरूपे एकमेकांकडे टोलवायची. युक्ती चांगलीच होती. तरी आपल्याला ग्रीक जवळजवळ येत नाही, असे मॉन्टेन स्वतःच लिहितो. माझ्या मते कारण उघड आहे. ग्रीक खेळापुरती होती. भूक लागली, रुसवा आला, बोट कापले, तर त्या भाषेत ऐकून घेणारे घरात कोणी नव्हते. मोलकरणीच्या अशुद्ध लॅटिनने जे साधले ते त्या सुंदर खेळाने साधले नाही. शिक्षकबंधूंनी तक्ते आणि पत्ते जरूर करावेत, पण ते हाती घेऊन मुलाशी त्या भाषेत बोलणार कोण, हे आधी ठरवावे.

सहाव्या वर्षी मिशेलला बोर्दोच्या विद्यालयात घातले. तिथे त्याची लॅटिन लगेच बिघडू लागली, आणि पुढे सवय मोडून ती बोलण्यातून गेलीच. पण एकदा धडधाकट बाप अचानक भोवळ येऊन त्याच्या अंगावर कोसळला, तेव्हा त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते लॅटिनच.