समुद्र नसलेल्या देशात गेलेले आपले शिपाई

अफगाणिस्तानचे नाव निघाले की आपल्याकडे पानिपत, अब्दाली आणि आता तालिबान एवढेच बोलले जाते. आपल्या भागातली माणसे तिथे लढायला गेली होती, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

नकाशा उघडून पाहा. या देशाला समुद्र नाही. सहा देशांनी तो वेढलेला आहे आणि हिंदुकुशच्या रांगा त्याच्या मधून जातात. आत जायचे तर खिंडीतूनच जावे लागते.

१८३८ मध्ये इंग्रजांनी दोस्त मोहम्मदला हटवून शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवायचे ठरवले. त्यासाठी बंगालच्या फौजेबरोबर मुंबई इलाख्याची फौजही निघाली. ती मुंबईहून जहाजाने सिंधू नदीच्या मुखाशी उतरली. तिथून सिंध ओलांडून, बोलन खिंडीतून कंदाहारला पोहोचली. वाटेत पाणी आणि चारा मिळेना, ओझ्याचे उंट मरत गेले. जुलै १८३९ मध्ये गझनीचा किल्ला पडला, ऑगस्टमध्ये काबूल हाती आले.

या फौजेत पूना हॉर्सचे स्वार होते. नगर-पुणे रस्त्यावरचे शिरूर या रिसाल्याचे जुने ठाणे. मुंबईच्या पलटणींत कोकणातले, देशावरचे आणि उत्तर हिंदुस्थानातलेही शिपाई असत. हिंदू, मुसलमान, बेने इस्राईल, सगळे एका पगारपत्रकावर.

म्हणजे दख्खनचा मुसलमान कंपनीचा पगार घेऊन अफगाण मुसलमानावर बंदूक रोखत होता आणि शेजारी त्याचा हिंदू सोबती उभा होता. इतिहास फक्त धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, या रांगेकडे जरूर पाहावे. ही माणसे दीनसाठी गेली नव्हती आणि देशासाठीही नाही. घरची चूल पेटावी म्हणून गेली होती.

आणि हाती काय आले? १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना इंग्रजांची फौज बर्फात आणि खिंडीत कापली गेली. त्याच वर्षी शाह शुजा मारला गेला. पुढच्या वर्षी दोस्त मोहम्मद पुन्हा त्याच गादीवर बसला.

मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्च आहे. १८५८ मध्ये ते खुले झाले. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांचे ते स्मारक. आतल्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांबद्दल एवढेच लिहिले आहे, की ते इतके होते की सगळ्यांची नावे देता येत नाहीत.

भिंतीवर जागा नव्हती, हे एक वेळ समजू. पण आपल्या आठवणीतही त्यांना जागा नसावी? आपल्या घरांत जुन्या पेट्या असतात. त्यांत मोडीतला किंवा उर्दूतला एखादा कागद, पेन्शनचा दाखला, पलटणीचा बिल्ला सापडला तर रद्दीत घालू नका. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवा. कदाचित भिंतीवर न मावलेले एखादे नाव त्यात असेल.